भोंगा वाजल्यानंतरची मिनिटं

७ मे २०२५. मध्यरात्रीनंतर भारतानं सीमेपलीकडे पाकिस्तानात क्षेपणास्त्रं डागली होती, आणि दुपारी गोव्याच्या दोन्ही जिल्ह्यांत नागरी संरक्षणाच्या सरावाचे भोंगे वाजले. सराव आधीच जाहीर झालेला, पण रात्रीच्या बातमीनंतर त्याला नुसता सराव म्हणायला जीभ वळत नव्हती. वास्कोच्या बाजारात आवाज चढू-उतरू लागला तशी दुकानांतली माणसं आत जायच्या ऐवजी बाहेर आली आणि मान वर करून आभाळ न्याहाळू लागली. निम्म्यांचे मोबाइल वर धरलेले. मासळीची पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं मात्र वर पाहिलंच नाही. जवळ उभ्या असलेल्या स्वयंसेवक पोराला तिनं विचारलं, "भोंगो वाजल्यार कितलो वेळ मेळटा रे, पुता?" पोरगा गडबडला. "मावशे, तूं भितर वच," एवढंच म्हणाला आणि पुढे सरकला. त्याचा दोष नाही, त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. पण त्या दिवशी वास्कोत विचारला गेलेला खरा मुद्द्याचा प्रश्न तेवढा एकच होता.

किती वेळ मिळतो?

काय येतंय आणि ते आपल्याला कुठे दिसलं, यावर ते आहे. सहाशे किलोमीटर पल्ल्याचं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र धरा. ते दीडेकशे किलोमीटर उंची गाठतं, मग खाली येतं, आणि सुटल्यापासून आदळेपर्यंत सहा-सात मिनिटं घेतं. शेवटी त्याचा वेग सेकंदाला दोन किलोमीटरच्या पुढे असतो. ऐकायला भयंकर, पण त्याची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: ते उंच चढतं, म्हणून लांबून दिसतं. लांब पल्ल्याचं रडार त्याला चढतानाच धरू शकतं, आणि इंजिन विझल्यावर त्याचा मार्ग बहुतांशी गुरुत्वाकर्षणाच्या हाती असल्यामुळे ते कुठे पडणार याचा अंदाज संगणक काही सेकंदांत बांधतो. अशी क्षेपणास्त्रं वातावरणाच्या बाहेरच गाठण्याचा पहिला यशस्वी प्रयोग भारतानं २७ नोव्हेंबर २००६ ला केला. पुढच्या टप्प्यातलं एडी-१ हे इंटरसेप्टर, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारं क्षेपणास्त्र, २ नोव्हेंबर २०२२ ला पहिल्यांदा उडालं. म्हणजे सहा-सात मिनिटांतलं पहिलं मिनिट ओळखण्यात, दुसरं खात्री करण्यात आणि भोंग्यापर्यंत निरोप पोहोचण्यात गेलं, तर म्हातारीच्या वाट्याला चार मिनिटं उरतात. पाटी तिथेच टाकून पक्क्या इमारतीत शिरायला ती पुरतात. पाटी उचलून घेऊन जायचं म्हटलं तर कठीण आहे.

गोव्यासारख्या किनाऱ्याला जास्त जाच आहे तो खालून येणाऱ्याचा. क्रूझ क्षेपणास्त्र लाटांच्या वर दहा-पंधरा मीटरवरून येतं आणि पृथ्वी गोल आहे ही शाळेत पाठ करून विसरलेली गोष्ट इथे आडवी येते. रडारचा किरण साधारण सरळ जातो. क्षितिजाखालचं त्याला दिसत नाही. कुठवर दिसतं याचा हिशेब सोपा आहे. रडारच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढायचं, लक्ष्याच्या उंचीचं काढायचं, दोन्हींची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. अँटेना ३० मीटरवर आणि क्षेपणास्त्र १५ मीटरवर असेल तर सुमारे ३८ किलोमीटर. हेच रडार शंभर मीटर उंचीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, नेऊन बसवलं तर ५७. ध्वनीपेक्षा कमी वेगाचं क्षेपणास्त्र सेकंदाला अडीचशे मीटर जातं, म्हणजे सत्तर मीटर वर चढल्यानं सव्वा मिनिट पदरात पडतं. उंच सड्यांवर जुन्या राज्यकर्त्यांनी किल्ले आणि दीपस्तंभ का बांधले ते यातून कळतंच. फक्त त्यांना गलबतं बघायची होती. विमानात बसवलेलं रडार नऊ किलोमीटरवरून तेच क्षेपणास्त्र चारशे किलोमीटरवर बघू शकतं, पण अशी विमानं आपल्याकडे हातावर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांना चोवीस तास हवेत ठेवता येत नाही.

म्हणूनच टीव्हीवर नकाशावर काढलेली ती लाल वर्तुळं बघून चीड येते. एस-४०० या रशियन बनावटीच्या हवाई संरक्षण यंत्रणेचा पल्ला चारशे किलोमीटर, म्हणून दिल्लीभोवती चारशे किलोमीटरचं वर्तुळ काढायचं आणि आत सगळं सुरक्षित असं सांगायचं. चारशेचा तो आकडा सर्वांत लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा आणि उंचावरून उडणाऱ्या मोठ्या विमानासाठीचा. पाण्याला चिकटून येणाऱ्यासाठी जमिनीवरच्या रडारचं वर्तुळ त्या चाळीस-पन्नास किलोमीटरचंच, आणि डोंगर मध्ये आला की तेही फाटकं. गोव्याच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. तिच्या कुशीतल्या दऱ्या किनाऱ्यावरच्या रडारला दिसत नाहीत.

आता घड्याळ लावून बघू. क्षेपणास्त्र ३८ किलोमीटरवर क्षितिजावर आलं, म्हणजे हातात दीडशे सेकंद. रडारची अँटेना मिनिटाला बारा फेऱ्या घेत असेल तर दर पाच सेकंदांनी एकदा ते दिसणार. एका ठिपक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तीन फेऱ्यांत सलग दिसलं की त्याचा ट्रॅक धरला जातो. यात पंधरा सेकंद गेले. मग आपलं की परकं हे विचारायचं, कोणत्या तुकडीनं मारायचं ते ठरवायचं, हुकूम द्यायचा, प्रक्षेपक तयार व्हायचा, आणखी पंधरा. तोवर ते साडेसात किलोमीटर जवळ आलंय. आपलं क्षेपणास्त्र सरासरी सेकंदाला सहाशे मीटरनं निघालं तर दोघांची गाठ बावीसेक किलोमीटरवर पडते. लागलं का, हे बघायला दहा सेकंद. नाही लागलं तर दुसरं सोडायचं, ते तेरा-चौदा किलोमीटरवर भेटतं. तिसरी संधीही ओढूनताणून मिळते. पण येणारं ध्वनीच्या दुप्पट वेगाचं असेल, सेकंदाला सातशे मीटर, तर पहिल्या तीस सेकंदांतच ते सतरा किलोमीटरवर येऊन ठेपतं, गाठ आठेक किलोमीटरवर पडते आणि ती चुकली तर उरतात अकरा सेकंद. बघून मग दुसरं सोडायला वेळच नाही. त्यामुळे अशा वेळी एकापाठोपाठ दोन सोडून द्यायची रीत आहे. लागो न लागो, दुसरं गेलं.

इथे गणित बोचायला लागतं. समजा एका इंटरसेप्टरनं लक्ष्य मारण्याची शक्यता शंभरात सत्तर. दोन सोडली तर शंभरात एक्क्याण्णव. छान वाटतं. पण दहा क्षेपणास्त्रं एकदम आली तर दहाच्या दहा अडवली जाण्याची शक्यता शंभरात एकोणचाळीसच उरते, आणि त्यात वीस इंटरसेप्टर खर्ची पडतात. मुरगावचं नाव घेऊन १८ डिसेंबर २०२२ ला नौदलात दाखल झालेल्या विनाशिकेवर बराक जातीची बत्तीस विमानविरोधी क्षेपणास्त्रं असतात. त्या हिशेबानं सोळा लक्ष्यं, आणि नंतर भाते रिकामे. समुद्रात उभ्यानं ते भरताही येत नाहीत, धक्क्याला यावं लागतं. हल्ला करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून तो आधी स्वस्तातलं पाठवतो.

१८ डिसेंबर ही तारीख गोव्यात नुसती उच्चारली तरी दाबोळी आठवते. १९६१ च्या त्या दिवशी हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तिथल्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले आणि हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र फोडलं. पोर्तुगिजांकडे लढाऊ विमान एकही नव्हतं आणि विमानविरोधी म्हणाव्यात अशा तोफा थोड्या आणि जुनाट. त्या आवाजाबद्दल बोलताना जुन्या पिढीच्या तोंडून भीती आणि आनंद असे मिसळून येतात की वेगळे काढता येत नाहीत. बॉम्ब पडत होते ते आपल्या गावावर, टाकणारेही आपलेच. हवाई हल्ल्याखाली असणं म्हणजे काय हे भारतात पंजाबला, जम्मूला, जामनगरला ठाऊक आहे; गोव्याला ते उलट्या बाजूनं ठाऊक आहे. तांत्रिक नजरेनं त्या सकाळीत दोन गोष्टी आहेत. पहिली, हल्लेखोरानं आधी काय निवडलं: धावपट्टी आणि वायरलेस. आजही क्रम हाच असतो, फक्त वायरलेसच्या जागी रडार आणि नियंत्रण कक्ष आले. दुसरी, एवढे बॉम्ब पडूनही धावपट्टी पुरती मेली नाही. दोन मोठी प्रवासी विमानं नंतर तिथूनच उडून निसटली. हवाई संरक्षणाच्या चर्चेत खड्डे बुजवणाऱ्यांना कुणी विचारत नाही, पण धावपट्टीशेजारी खडीचे ढीग, बुलडोझर, लवकर बसणारं काँक्रीट आणि वर अंथरायच्या जाळ्या तयार असतील तर शत्रूचा महागडा बॉम्ब काही तासांचा उशीर करतो, एवढंच. कडा उकरून सपाट करायच्या, खड्ड्यात मोठा दगड, वर बारीक खडी, रोलर, मग टोपण. वरची उचललेली कड नीट कापली नाही तर विमानाचं चाक तिथेच अडखळतं. घाईत चूक होते ती इथे. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या नव्या विमानतळाहून विमानं उडू लागली, ती पर्यटकांच्या सोयीसाठी. पण एका राज्यात दोन लांब धावपट्ट्या असणं हेसुद्धा संरक्षणच आहे. त्यासाठी एकही क्षेपणास्त्र विकत घ्यावं लागत नाही.

हवामान हा भाग पुस्तकात थोडक्यात उरकतात. गोव्यात त्याला जास्त जागा द्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्रावर गरम कोरड्या हवेखाली दमट हवेचा थर अडकतो आणि रडारचा किरण त्या थरात कोंडून पाण्याच्या बरोबरीनं वळत जातो. मग जे दिसायला नको ते दिसतं: शंभर-दोनशे किलोमीटरवरची जहाजं पडद्यावर उमटतात, कधी चुकीच्या अंतरावर. आणि त्या थराच्या किंचित वर उडणारं विमान मात्र दिसायचं राहून जातं. जून लागला की पाऊस. आखूड तरंगलांबीची रडारं, जी नेम धरायला वापरतात, ती धो-धो पावसात निम्मी आंधळी होतात. लांब तरंगलांबीची तग धरतात, पण त्यांना बारीक फरक कळत नाही. कॅमेरे आणि लेसर यांचं तर विचारूच नका. लेसरनं ड्रोन जाळण्याच्या बातम्या आल्या की त्या जुलैतल्या वास्कोत खऱ्या ठरतील का, हा पहिला प्रश्न मनात येतो. आणि खारी हवा. रडारच्या आत लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळ्यांमध्ये कोरडी हवा दाबानं भरून ठेवतात. कुठे एक रबरी कडं झिजलं, दाब उतरला, दमट हवा आत शिरली, की नळीत ठिणग्या उडायला लागतात आणि ताकद घसरते. पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नाही, फक्त पल्ला कमी झालेला असतो. सकाळी दाबाचा काटा बघणारा जवान आळशी निघाला तर सायंकाळी देशाच्या किनाऱ्याला दहा किलोमीटर कमी दिसतं.

यंत्र चालू असतानाच चुकतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१ चं. सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये अमेरिकेची पॅट्रियट ही क्षेपणास्त्रं पाडणारी तुकडी शंभर तास सलग चालू होती. तिचा संगणक वेळ मोजायचा सेकंदाच्या दहाव्या भागांत, आणि एक दशांश हा आकडा त्याच्या २४ बिटांच्या मांडणीत पूर्ण बसत नव्हता. दर वेळी नखाएवढा तुकडा कापला जायचा. शंभर तासांत त्याचा साठा ०.३४ सेकंदांवर गेला. सेकंदाला दीड किलोमीटरच्या पुढे येणाऱ्या इराकच्या स्कड क्षेपणास्त्रासाठी ०.३४ सेकंद म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त. रडारनं बघितलं, पण पुढच्या क्षणी ते जिथे असायला हवं असं संगणकाला वाटत होतं तिथे ते नव्हतं. म्हणून त्यानं तो ठिपका खोटा समजून सोडून दिला. इंटरसेप्टर सुटलंच नाही. २८ सैनिक मेले. सुधारलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी पोहोचला. तोवरचा उपाय यंत्र मधून मधून बंद करून चालू करणं, एवढाच होता, पण किती तासांनी ते कुणी नेमकं सांगितलं नव्हतं.

उलट चूक जास्त लागते. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमधल्या बडगाममध्ये आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं. हवाई दलाचे सहाजण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. आपलं-परकं ओळखणारी यंत्रणा हेलिकॉप्टरमध्ये बंद होती आणि निरोपांची साखळी तुटली होती. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून उडालेलं प्रवासी विमान इराणच्याच तुकडीनं पाडलं, १७६ माणसं. तुकडी जागा बदलून आली होती आणि तिच्या रडारची उत्तर दिशा पुन्हा जुळवली गेली नव्हती. शंभराहून जास्त अंशांचा फरक. विमानतळावरून चढत जाणारं विमान त्यामुळे भलत्याच दिशेनं शहराकडे येताना दिसलं. जागा हलली की आधी यंत्र पाण्याच्या पातळीत बसवायचं, मग उत्तर शोधायची, मग ठाऊक असलेल्या एखाद्या खुणेवर, दीपस्तंभावर किंवा मनोऱ्यावर, रोखून ताळा करायचा, आणि तो जुळेपर्यंत क्षेपणास्त्राची किल्ली फिरवायची नाही. पायऱ्या एवढ्याच, पंधरा-वीस मिनिटांच्या. पण घाई आणि भीती दोन्ही असली की आधी कापली जाते ती हीच पंधरा-वीस मिनिटं. दाबोळीत एकाच धावपट्टीवरून नौदलाची मिग-२९के आणि पर्यटकांची विमानं उडतात, हे लक्षात घेतलं तर दीडशे सेकंदांतले पंधरा सेकंद ओळख पटवण्यात घालवणं का परवडवून घ्यावंच लागतं ते वेगळं सांगायला नको.

मग ठरवायचं काय वाचवायचं. देशावर छत घालू असं म्हटलं जातं, आणि १५ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झालेल्या सुदर्शन चक्र मोहिमेत २०३५ पर्यंत महत्त्वाच्या जागांना कवच देण्याची गोष्ट आहे. महत्त्वाच्या जागा, हे दोन शब्द नीट वाचावेत. शाकारणीच्या वेळी कौलं कमी पडली तर आपण आधी भाताच्या कोठीवरचं छप्पर धरतो आणि पडवी गळू देतो; हवाई संरक्षणाचं नियोजनही असंच आहे, आणि यादी कागदावर असते. धावपट्टी, बंदर, इंधनाच्या टाक्या, वीज उपकेंद्र, पाणी. प्रत्येकापुढे तीन प्रश्न: हे गेलं तर काय बंद पडेल, शत्रूला ते मारणं किती सोपं आहे, आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील. तिसऱ्या प्रश्नात बरेचदा आश्चर्य असतं. धावपट्टी काही तासांत उभी राहते. मोठा ट्रान्सफॉर्मर नवा मिळवायला महिनोन्महिने जातात. म्हणजे देखण्या लढाऊ विमानापेक्षा कुंपणामागच्या त्या भुंड्या करड्या पेटीला तोफ जास्त गरजेची असू शकते. हे लोकांना पटवणं अवघड. गावाला वाटतं तोफ आपल्या देवळापाशी असावी.

ड्रोननं हा सगळा हिशेब पुन्हा विस्कटला. ताशी पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटरनं येणारा, पन्नास मीटरवरून उडणारा ड्रोन ५० किलोमीटरवर दिसला तर पाव तास मिळतो. म्हातारीला पाटी घरी नेऊन परत यायला पुरे. अडचण अशी की तो दिसतच नाही. रडार समुद्रावरच्या लाटा, पक्षी आणि महामार्गावरच्या गाड्या गाळून टाकायला वेगाची चाळणी लावतं. चाळणी घट्ट केली तर ड्रोन गळून जातो, सैल केली तर पडदा घारींनी भरतो. युक्रेननं म्हणून गावोगावी खांबांवर हजारो मायक्रोफोन लावले, इंजिनाच्या आवाजावरून माग काढायला, आणि मालमोटारींवर मशीनगन बसवून पोरं त्या दिशेला पाठवली. ८ मे २०२५ च्या रात्री सरकारच्या म्हणण्याप्रमाणे ३६ ठिकाणी पाकिस्तानातून तीनशे ते चारशे ड्रोन आले आणि त्यांच्यापुढे कामी आली ती चाळीसच्या दशकाच्या अखेरची रचना असलेली ४० मिलिमीटरची एल-७० तोफ, मिनिटाला सुमारे तीनशे गोळे, साडेतीन-चार किलोमीटरपर्यंत. नवा कॅमेरा आणि नवी नियंत्रण यंत्रणा बसवलेली. लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र वीस-तीस हजार डॉलरच्या ड्रोनवर उडवत राहिलं तर युद्ध जिंकूनही दिवाळं निघतं. जुनी तोफ भंगारात न काढण्याचा निर्णय कुणी तरी कधी तरी कंटाळत घेतला असेल. त्याला सलाम.

वर गेलेलं सगळं खाली येतं, हे मात्र मोबाइल वर धरून उभ्या असलेल्यांना सांगायला हवं होतं. तोफेच्या गोळ्यांचे तुकडे, फुटलेल्या इंटरसेप्टरची नळी, न जळलेलं इंधन, आणि मारलेल्या लक्ष्यातला कधीकधी न फुटलेला दारूगोळा. धडाम झाल्यावरही तुकडे बराच वेळ पडत राहतात. गोव्याचं जुनं घर यात निम्मं चांगलं, निम्मं वाईट आहे: चिऱ्याची जाड भिंत तुकडे अडवते, वरची मंगळुरी कौलं अजिबात नाही. म्हणून भोंगा झाल्यावर सोप्यात किंवा बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, जमून बसायचं नाही, जी आपली पहिली सवय. घरात स्लॅबचा भाग असेल तर तिथे, नसेल तर आतल्या खोलीत, बाहेरच्या आणि आपल्यामध्ये दोन भिंती येतील असं, खिडकीपासून लांब. नव्या फ्लॅटांत जिना बरा, समुद्राकडे तोंड केलेली काचेची सरकती दारं सर्वांत वाईट. चढ-उतार करणारा भोंगा दोन मिनिटं म्हणजे धोका, एकसुरी दोन मिनिटं म्हणजे संपलं; दुसरा ऐकेपर्यंत बाहेर यायचं नाही. दिवे मालवण्याबद्दल लोक हसतात, उपग्रहावरून दिशा घेणाऱ्याला दिवे काय करायचेत म्हणून. खरं आहे, पण स्वस्त ड्रोनमध्ये कॅमेराही स्वस्तच असतो आणि त्यामागे बसलेला माणूस नदी, पूल, रस्ता यांच्या दिव्यांवरूनच वाट काढतो. अंधार फुकट मिळतो; करायला काय हरकत आहे.

किनाऱ्याच्या राज्यात इंटरसेप्टरनं काम चोख केलं तर तुकडे समुद्रात पडतील, आणि नियोजनात समुद्र रिकामा धरलेला असतो. तो रिकामा नसतो. १ जून ते ३१ जुलैची बंदी सोडली तर रात्रीही ट्रॉलर बाहेर असतात, आणि त्यांच्यावरचे खलाशी बरेचसे ओडिशा, झारखंड, कर्नाटकातले. जमिनीवरचा भोंगा काही किलोमीटर जातो, उलट वारा असेल तर तेवढाही नाही. बोटीवर पोहोचते ती व्हीएचएफ या बोटीवरच्या बिनतारी संचाची १६ नंबरची वाहिनी, तीही संच चालू आणि बॅटरी भरलेली असेल तर. त्या वाहिनीवर देण्याचा निरोप आधीच लिहून ठेवायला हवा, कोकणी, हिंदी, कन्नड आणि ओडिया अशा चारही भाषांत, वीस सेकंदांत वाचून होईल एवढाच: कोणत्या दिशेला, किती मैल सरकायचं, आणि जाळ्यात धातूचं काही आलं तर ओढून फळीवर घ्यायचं नाही, जाळं कापून सोडून द्यायचं. जाळ्याची किंमत लाखांत जाते. तिची भरपाई कोण देणार हे त्याच निरोपात सांगितलं नाही, तर जाळं कुणी कापणार नाही.